पिकाची राखण करता, तशी आपल्या माहितीचीही करा



ज्वारी दाण्यात भरली की आपण गोफण घेऊन माळ्यावर उभे राहतो. हरभरा घाट्यात आला की रानडुकरांसाठी रात्र रात्र जागतो. हाती येणारे पीक दुसऱ्याच्या तोंडी जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू असतो. परंतु अलीकडे आपल्या घरात असा एक माल आला आहे की ज्याची राखण कुणीच करीत नाही. तो म्हणजे आपली माहिती. आपला आधार क्रमांक, बँकेचे खाते, मोबाईल नंबर, गट नंबर आणि अंगठ्याचा ठसा.

आजच्या पत्रकात सोयाबीनवरील चक्रीभुंगा किंवा तुरीवरील मर रोग यांचा विचार केलेला नाही. कारण पीक कितीही चांगले आले, तरी त्याचा पैसा शेवटी खात्यातच येतो. आणि खात्याची किल्ली आता कुलपाला लावायची राहिली नसून ती आपल्या माहितीतच आहे.

घरचीच गोष्ट

दुसऱ्याचे उदाहरण देण्याऐवजी माझ्या घरचेच सांगतो. माझे चुलते औसा तालुक्यात शेती करतात. तीन एकर रान, त्यात सोयाबीन आणि तूर. आडतीवर सोयाबीन घातले, पट्टी झाली, पैसे खात्यात आले. त्याच आठवड्यात त्यांना फोन आला. समोरचा माणूस गोड बोलणारा. "काका, तुमचा पी.एम. किसानचा हप्ता अडकला आहे. ई-केवायसी करावी लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल पाठवतो, ती उघडा आणि माहिती भरा." काकांनी फाईल उघडली. आधार क्रमांक भरला, एटीएम कार्डावरचा क्रमांकही भरला. रात्री तीन वेळा मिळून अडतीस हजार रुपये खात्यातून गेले.

काकांनी ही गोष्ट चार दिवस कुणालाच सांगितली नाही. पुतण्या कृषी खात्यात आणि आपण असे फसलो, याची त्यांना लाज वाटली. पाचव्या दिवशी काकूंनी मला फोन केला. तोवर पैसे पार पुढे निघून गेले होते.

मी विचारले, "काका, अनोळखी माणसावर तुम्ही विश्वास तरी कसा ठेवलात?" ते म्हणाले, "अरे बाबा, त्याला माझा गट नंबर पाठ होता. सोसायटीचा बोजा किती आहे ते बी ठाऊक होतं. मंग तो सरकारी माणूस नाही, असं मी कसं म्हणू?"

बंधूंनो, काकांचे हे उत्तर नीट ध्यानात घ्या. ते अडाणी म्हणून फसले नाहीत. ज्याला आपली माहिती आहे तो आपला किंवा सरकारचा माणूस असलाच पाहिजे, या समजुतीने ते फसले. ही समजूत आता मोडायला हवी.

आपली माहिती बाहेर असते कशी?

सातबारा आणि आठ-अ हे उतारे आज महाभूलेखच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. त्यात काही गैर नाही. जमीन घेणाऱ्याला मालक कोण, बोजा किती, हे कळावे, खोटे व्यवहार होऊ नयेत, म्हणूनच ही सोय केलेली आहे. पण सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा आणि सोसायटीचा बोजा लिहिलेला असतो. तो जसा खऱ्या खरेदीदाराला दिसतो, तसाच शेकडो मैल दूर बसलेल्या भामट्यालाही दिसतो.

पी.एम. किसानच्या लाभार्थ्यांची गाववार यादीही संकेतस्थळावर पाहता येते. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्या गावात लागतात. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा मदत आणि अनुदान हे शब्द घरोघरी होते. अशा वेळी कुणी हौशी तरुण यादीचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण तो फोटो पुढे कुठे कुठे फिरतो याचा पत्ता लागत नाही.

कधी कधी चूक सरकारी यंत्रणेकडूनही होते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. २०२२ साली पी.एम. किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचे एका संगणक अभ्यासकाने दाखवून दिले. त्यानंतर ते भगदाड बुजवण्यात आले. पण एकदा सांडलेले धान्य पुन्हा दाणा दाणा वेचता येत नाही.

तात्पर्य काय? नाव, गाव, गट नंबर, कर्ज, हप्ता यांतील काहीही सांगणारा माणूस खरा, असे धरून चालू नये. माहिती असणे ही ओळख नव्हे.

ढाळज, माजघर आणि पेव

मग सगळेच लपवून ठेवायचे काय? तसे केले तर एकही योजना मिळायची नाही. आपल्या भागातील जुन्या वाड्यांची रचना आठवा. ढाळजेत कुणीही येऊन बसतो. माजघरात सोयराधायराच येतो, तोही कामापुरता. आणि पेवाचे तोंड कुठे आहे, हे फक्त घरधन्याला ठाऊक असते. आपल्या माहितीचेही असेच तीन भाग करावेत.

ढाळजेतील माहिती: नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, पीक. ही सर्वांना दिसते. ती लपवण्यात अर्थ नाही आणि ती सांगणाऱ्यावर भरवसा ठेवण्यातही अर्थ नाही.

माजघरातील माहिती: आधार क्रमांक, पासबुकाची झेरॉक्स, पॅन, मोबाईल नंबर, शेतकरी ओळख क्रमांक. ही कामापुरती आणि काम करणाऱ्यालाच द्यावी. उदाहरणार्थ, १५ एप्रिल २०२५ पासून आपल्या राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. तो योजनेच्या अर्जात लिहावाच लागतो. पण तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकण्याचे काही कारण नाही.

पेवातील माहिती: ओटीपी, एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन, बँकेचा पासवर्ड. ही बँकेच्या साहेबालाही सांगायची नाही. मलाही सांगायची नाही. अंगठ्याचा ठसा याच पेवातला. तो फक्त आपण स्वतः काढलेल्या कामासाठीच द्यावा.

अंगठ्याची किंमत

आपल्या आजोबांच्या काळात सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेत असे आणि मागाहून वर काय वाटेल ते लिहीत असे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे चिडलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे असे कागद काढून जाळले. त्या काळी कागद जळाला की कर्जाचा पुरावा संपला, असे तरी म्हणता येत होते. आज अंगठ्याची नक्कल एकदा झाली की ती जाळायची कुठे?

ही कल्पनेतली भीती नाही. आपल्या नांदेडला लागून असलेल्या तेलंगणात, पेद्दपल्ली जिल्ह्यात, २०१८ साली एक प्रकरण उघडकीस आले. तेथील एका इसमाने जमिनीच्या खरेदीखतांवरील अंगठ्यांचे ठसे नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतले, त्यांच्या नकला तयार केल्या आणि त्या लोकांच्या नावे हजारो सिमकार्डे चालू केली. ज्यांची जमीन, ज्यांचा अंगठा, त्यांना याची दादही नव्हती.

आपल्याकडे अंगठ्यावर पैसेही निघतात. बँक मित्राकडे आधार क्रमांक सांगितला, यंत्रावर बोट ठेवले की खात्यातील रक्कम मिळते. खेड्यातील म्हाताऱ्या माणसाला ही मोठी सोय आहे. बँकेच्या रांगेत दिवस मोडत नाही. पण या व्यवहारात ओटीपी लागत नाही. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. बोट ठेवण्यापूर्वी पडद्यावर रक्कम किती लिहिली आहे ते पाहावे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला बरोबर न्यावे.

२. "अंगठा उठला नाही, पुन्हा ठेवा" असे सांगितले तर आधीचा व्यवहार फसल्याची पावती मागावी. पावतीशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवू नये.

३. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणावे. जसे कांड्यावर कीड दिसते का म्हणून आपण शेतात फेरी मारतो, तशीच ही फेरी.

४. आधारचा ठसा कुलूपबंद करण्याची सोय आहे. आधारच्या अधिकृत अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरून 'बायोमेट्रिक लॉक' करता येते. लॉक असेल तर अंगठ्याची नक्कल करूनही कुणाला पैसे काढता येत नाहीत. स्वतःला काम पडले की थोड्या वेळासाठी कुलूप उघडता येते. त्यासाठी आधारला आपला मोबाईल नंबर जोडलेला असला पाहिजे. अडचण आल्यास १९४७ या क्रमांकावर विचारावे.

पीक विम्यात घडलेला प्रकार

माहितीचा गैरवापर झाला की फक्त खात्यातील पैसे जातात असे नाही. २०२३ च्या खरिपापासून आपल्या राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. गरीब शेतकऱ्याला त्याचा आधार होता. पण त्याच काळात मराठवाड्यासह अनेक भागांत बोगस अर्ज आढळले. दुसऱ्याच्या जमिनीवर, काही ठिकाणी तर सरकारी जमिनीवर, भलत्याच माणसांनी विमा उतरवला. त्यात काही सेवा केंद्र चालकांवर गुन्हेही दाखल झाले. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सवलत बंद झाली. आता शेतकऱ्याला खरिपात विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. सवलत बंद होण्यामागे जी कारणे सांगितली गेली, त्यांत हे बोगस अर्ज मुख्य होते. चोरी चारजणांनी केली, पण तिचा भुर्दंड प्रामाणिक शेतकऱ्यालाही बसला.

म्हणून विम्याचा अर्ज भरताना समोर बसावे, कागद टाकून निघून जाऊ नये. पावतीवरील गट नंबर, क्षेत्र, पीक आणि खाते क्रमांक ताडून पाहावा. आपल्या गटावर दुसऱ्याच कुणी विमा उतरवल्याची शंका आल्यास तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, किंवा १४४४७ या पीक विम्याच्या क्रमांकावर कळवावे.

झेरॉक्स देताना तिच्यावर 'फक्त पीक विम्यासाठी' किंवा 'फक्त ठिबकच्या अर्जासाठी' असे लिहून तारीख टाकावी. मजकूर अक्षरांवरून जाईल असा आडवा लिहावा. कागद उरला तर परत घ्यावा. जेथे पूर्ण आधार क्रमांक लागत नाही, तेथे शेवटचे चारच अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' द्यावे. ते आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते.

फाईल आणि ओटीपी यांचे गौडबंगाल

काकांनी ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता. मग पैसे गेले कसे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. ती फाईल म्हणजेच एक अ‍ॅप होते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन इंग्रजी अक्षरे होती. ती उघडताना फोनने विचारले, "मेसेज वाचण्याची परवानगी द्यायची काय?" काकांनी 'हो' दाबले. त्यानंतर बँकेचा प्रत्येक ओटीपी त्यांच्याबरोबर भामट्यालाही जाऊ लागला. दार आपणच उघडून दिल्यावर चोराला भिंत फोडायची गरज काय?

अशी फाईल पुष्कळदा ओळखीच्या माणसाच्या नंबरवरूनही येते. कारण त्याचा फोन आधीच कीड लागल्यासारखा झालेला असतो आणि तो आपोआप पुढे फाईल पाठवत राहतो. म्हणून 'पाठवणारा आपल्या गावचा आहे' एवढ्यावर ती उघडू नये. 'पी.एम. किसान यादी', 'अनुदान', 'लग्नपत्रिका', 'ट्रॅफिक चलान' अशा नावांनी ती येते.

पी.एम. किसानची ई-केवायसी करण्याचे मार्ग ठरलेले आहेत. योजनेच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून, प्ले स्टोअरमधून घेतलेल्या अधिकृत अ‍ॅपवर चेहरा दाखवून, किंवा जवळच्या सामाईक सेवा केंद्रावर अंगठा देऊन. यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल उघडावी लागत नाही आणि एटीएम कार्डाचा नंबर तर कधीच लागत नाही. शंका असेल तर १५५२६१ या योजनेच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. आणखी एक गोष्ट. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेलेच समजा.

खरे-खोटे ओळखण्याची एक सोपी कसोटी सांगतो. काम कुणी काढले ते पाहावे. आपण स्वतः बँकेत, केंद्रावर किंवा कार्यालयात गेलो असू, तर विचारलेली माहिती कामापुरती द्यावी. काम समोरच्याने फोन करून काढले असेल, तर फोन ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी आपण जाऊन चौकशी करावी. खरे काम एका दिवसाने नासत नाही. घाई करतो तो भामटा.

पैसे गेलेच तर काय करावे?

१. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात जातात. वाटेत असतानाच खबर मिळाली तर ते थोपवता येण्याची शक्यता असते. येथे दिवस मोजायचे नाहीत, तास मोजायचे.

२. बँकेला कळवून खाते आणि कार्ड बंद करावे. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.

३. फोनचे इंटरनेट बंद करावे, जाणत्या माणसाकडून ते अ‍ॅप काढून टाकावे. मेसेज आणि फोटो मात्र पुसू नयेत, तो पुरावा आहे.

४. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी.

५. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. अनोळखी नंबर दिसल्यास तेथेच कळवावे.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली याबाबत नियम घालून दिले. त्यांचा गाभा असा की, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर तोटा ग्राहकावर पडत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा, पण कळवल्यानंतरचा नाही. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्यातच फायदा आहे. आमच्या काकांनी पहिल्याच रात्री सांगितले असते, तर कदाचित काही वाचले असते. ही 'कदाचित' त्यांना अजून टोचते. लाज चोराला वाटली पाहिजे, ज्याचे चोरीला गेले त्याला नव्हे.

कायदा आपल्या बाजूने आहे

आपली खासगी माहिती जपणे हा शहरी लोकांचा शौक आहे, असे कुणी म्हणेल. ते खरे नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती घेऊन माहिती गोळा करणाऱ्याने ती कशासाठी हवी ते साध्या भाषेत सांगावे, मराठीतून समजून घेण्याची सोय ठेवावी, कामाला लागेल तेवढीच घ्यावी, आणि दिलेली संमती माणसाला परत घेता यावी, असे हा कायदा सांगतो.

देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. म्हणजे या साऱ्याची सुरुवात खेड्यातूनच झाली. मग 'ही माहिती कशाला हवी?' हा प्रश्न विचारण्याचा मान खेड्यातील माणसाला नाही काय? दुकानदार, कंपनीचा माणूस, सेवा केंद्रवाला, आणि आम्ही कृषी खात्यातील मंडळी, सर्वांना हा प्रश्न विचारा. त्याचा राग येणाऱ्याला कागद देऊ नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

• आपली माहिती सांगणारा माणूस खरा असतोच असे नाही.
• ओटीपी आणि पिन कुणालाही नाही.
• अंगठा पाहून, पावती घेऊनच.
• व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल उघडायची नाही.
• झेरॉक्सवर काम आणि तारीख लिहायची.
• फसवणूक झाल्यास लगेच १९३०. हा क्रमांक चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.

हे पत्रक घरातील आजी-आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा. फोन त्यांच्याच हाती असतो आणि गोड बोलण्यावर विश्वास ठेवण्याची सवयही त्यांचीच. आमच्या काकांनी ही गोष्ट छापायला परवानगी दिली. "माझं गेलं ते गेलं, दुसऱ्याचं तरी राहू दे," एवढेच ते म्हणाले. शंका असल्यास आपल्या गावच्या कृषी कर्मचाऱ्यांना भेटा किंवा कार्यक्रमाला पत्र लिहा. पत्रात आधार क्रमांक मात्र लिहू नका!

राम राम.